वाचकांचे प्रश्न : केनियात पाळक घडवायला जाताना

या महिन्यातली चार पत्रे एकाच विषयावर आली आहेत, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली. माझे यजमान नाशिक धर्मप्रांतात पाळक होते. नंतर आम्ही दोघांनी केनियाच्या किनारपट्टीवर, मोंबासाच्या उत्तरेला, सुवार्तिकांना आणि नव्या पाळकांना शिकवण्याचे काम केले. उत्तरे त्या कामातून आलेली आहेत.

सलाम बाई. मी शरणपूर रोडच्या मंडळीत वाढलो, सेमिनरीतून बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी घेतली. केनियातल्या एका बायबल स्कूलने मला दोन वर्षांसाठी शिकवायला बोलावले आहे. नव्या पाळकांना नेमके काय शिकवायचे? माझ्या सेमिनरीच्या नोट्स पुरतील का?
— एक तरुण, नाशिक

बाळा, नोट्स ने, पण त्यावरून शिकवायला लगेच बसू नकोस. आधी तुझा विद्यार्थी दिवसभर काय करतो ते बघ. तिकडे एका दीक्षित पाळकाकडे अनेक गावांच्या मंडळ्या असतात. रविवारी तो एका गावी असला, की बाकीच्या गावांत उपासना चालवतो तो सुवार्तिक नाही तर ले-रीडर, म्हणजे दीक्षा न झालेला मंडळीतलाच माणूस. तुझ्या वर्गात बसणारा माणूस तोच असेल. शिकता शिकता तो मंडळी सांभाळत असतो. त्याचे मक्याचे शेत असते, शेळ्या असतात, मुलांची फी भरायची असते. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस आणि ऑक्टोबरनंतरचा छोटा. पेरणीच्या दिवसांत बाके रिकामी दिसली म्हणून त्याला आळशी समजू नकोस, वेळापत्रकच पावसाकडे बघून आख. आम्ही थोडे दिवस वर्ग घ्यायचो आणि मग त्यांना गावी काम करायला सोडायचो. पुढच्या वर्गाची सुरुवात त्यांनी गावात काय पाहिले, कुठे अडले, यानेच व्हायची. ही काही आमची युक्ती नव्हे. 1963 मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने हाच विचार केला. राजधानीत शिकलेली माणसे खेड्यातल्या मंडळीकडे परत जात नव्हती, म्हणून त्यांनी शिक्षणच खेड्याकडे नेले. पुढे ती पद्धत भारतातही आली.

आता काय शिकवायचे. माझ्या मते पहिला धडा दफनविधीचा.

तुला हे विचित्र वाटेल. पण रविवारच्या उपासनेला मंडळीतलीच माणसे येतात, मयताला सारे गाव येते. कधीच चर्चला न येणारे, मुसलमान शेजारी, जुन्या परंपरेतले म्हातारे, शहरातून परतलेले भाऊबंद, सगळे. पाहुणे दिवसेंदिवस राहतात, बाया मोठमोठ्या पातेल्यांत रांधतात, रात्रभर गीते चालतात. त्या गर्दीत तेवीस-चोवीस वर्षांचा नवखा पाळक उभा राहतो आणि त्याने काय म्हटले हे गाव वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. तिथे त्याला पुस्तक उघडून पान शोधत बसता येत नाही. विधवेला काय सांगायचे, मालमत्तेवरून भांडण उठले तर कोणाच्या बाजूला उभे राहायचे, लहान मूल गेले असेल तर काय बोलायचे नाही, हे आधी वर्गात बोलून झालेले असले पाहिजे. आणि वर्गात बोलून भागत नाही. त्याला जुन्या पाळकाबरोबर पाठव, नंतर त्याच्यासोबत तू मागे उभा राहा, आणि मग एक दिवस जाऊच नकोस.

ज्या जागेवर तू लहानाचा मोठा झालास तिचा इतिहास तू वाचला आहेस का? शरणपूर वसले ते 1850 च्या दशकात. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रजी मिशनचे डब्ल्यू. एस. प्राइस यांनी ती वसाहत उभी केली. अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबते इंग्रजी आरमार पकडायचे. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली बरीच शरणपुरात आणली गेली. ती मुले आपखुशीने आलेली नव्हती. आईबापांपासून तोडलेली, स्वतःचे गाव कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नसलेली लेकरे होती ती. इथे ती अक्षरे शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, पवित्र शास्त्र शिकली. नाशिक हा त्यांचा परदेश होता.

1864 मध्ये त्यांच्यातले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे मोंबासाजवळच्या रबईला गेले. क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी 1840 च्या दशकात तिथे काम सुरू केले होते, पण हात कमी होते. 1875 मध्ये मोंबासालगत सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसले, तेही वसवले आपल्याच शरणपूरच्या प्राइससाहेबांनी. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनची, म्हणजे पाळकपणाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात युगांडाच्या वाटेवर बुसोगात हॅनिंग्टन मारले गेले. मागे थांबलेल्या तांड्याची जबाबदारी जोन्सवर होती. दीक्षा होऊन काही महिनेच झालेल्या या पाळकाने उरलेल्या माणसांना शेकडो मैल चालवत किनाऱ्यावर परत आणले. पुढे रबईला त्याने पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. त्यांचे मालक दारात येऊन धमकावत होते तरी दिला, आणि शेवटी त्यांतल्या हजाराहून अधिक जणांना मुक्तीचे कागद मिळाले.

आणि जेकब वेनराइट. मे 1873 च्या सुरुवातीला आफ्रिकाभर फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी वारले. जवळ एकही युरोपीय माणूस नव्हता. सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांनी पुढारपण घेतले. त्यांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरले आणि देह वाळवून समुद्रापर्यंत वाहून नेला. हृदय पुरताना दफनविधी वाचला तो शरणपुरात शिकलेल्या जेकबने, झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंग्स्टनच्या दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. ज्या कोणी शरणपुरात त्याला ती प्रार्थना वाचायला शिकवली, त्याला ती कुठल्या झाडाखाली, कोणासाठी वाचली जाईल हे कळणे शक्य नव्हते. तू वर्गात उभा राहशील तेव्हा हे मनात ठेव. तुझा विद्यार्थी जिथे उभा राहणार आहे तिथे तू नसशील, आणि त्याला शिकवायचे आहे ते त्या जागेसाठी.

दुसरा विषय हिशेबाचा. वर्गणी, दान, पावती, वही. मंडळी फुटते ती त्रैक्याच्या सिद्धांतावरून क्वचित, बहुतेक वेळा पैशावरून. आम्ही प्रत्येकाला एक वही दिली. महिन्याचा जमाखर्च मंडळीपुढे मोठ्याने वाचायची सवय त्यांना शिकत असतानाच लावली.

तिसरा विषय तुला तुझ्या सेमिनरीत कोणी शिकवला नसेल. तू पौलाच्या पत्रांबद्दल प्रश्नांची वाट बघत असशील आणि विद्यार्थी विचारेल, ‘माझ्या मंडळीतल्या म्हातारीने करणी केली असे लोक म्हणतात, मी काय करू?’ हसू नकोस आणि व्याख्यानही देऊ नकोस. मोंबासाच्या उत्तरेला किलिफी भागात पांढऱ्या केसांच्या माणसांवर असा आळ येतो आणि त्यांचे जीव जातात. आळ घेणारे पुष्कळदा घरचेच असतात, मागे जमिनीचा वाद असतो. आपल्याकडे नंदुरबारच्या डोंगरात ‘डाकीण’ म्हणून बायांना मारतात, त्याहून हे वेगळे नाही. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याला 2013 मध्ये करावा लागला. तेव्हा आपण शहाणे आणि ते अडाणी, असा सूर तुझ्या तोंडून निघता कामा नये. आमचा एक विद्यार्थी अशा एका म्हाताऱ्याच्या झोपडीबाहेर रात्रभर बसून राहिला. मंडळीतल्या चार बाया त्याच्यासोबत बसल्या. सकाळी जमाव आला, त्याने मयताला म्हणतात ती गीते म्हणायला सुरुवात केली, आणि माणसे हळूहळू पांगली. असे का केले, असे मी विचारले. तो म्हणाला, गावाला पाठ असलेली गीते तीच होती. हे मी त्याला शिकवलेले नव्हते.

गीतांवरून आणखी एक. तुझी उपासना संगीते भाषांतर करून त्यांच्या गळ्यात उतरवू नकोस. ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजने दिली तेव्हा मराठी मंडळीला आपला आवाज सापडला. तिकडेही असे लोक आहेत. त्यांना शोध, त्यांना म्हणायला लाव आणि तू मागे बसून ऐक.

उपदेशाचा सराव त्यांच्या मातृभाषेत करून घे. स्वाहिली सगळ्यांना येते, पण म्हाताऱ्या बाया गिर्यामा किंवा दुरुमात रडतात. तुला ती भाषा कळणार नाही, म्हणून वर्गात एका वयस्क पाळकाला परीक्षक म्हणून बसव. इंग्रजी पुस्तकातला उपदेश पाठ करून आलेल्या मुलाला तो जे ऐकवेल ते तुला कधीच ऐकवता येणार नाही.

माझा मुलगा परदेशी सेवेला जायचे म्हणतो. बाई, पेठ-सुरगाण्याकडे किती वाड्यांवर महिनोन्‌महिने पाळक पोचत नाही. घरची शेते पडीक टाकून समुद्रापलीकडे नांगरायला जाणे बरोबर आहे का?
— एक आई, नाशिक रोड

ताई, तुमचे म्हणणे मी टाळणार नाही. मुलाला सांगा, आधी वर्षभर सुरगाण्याला राहा. एखाद्या जुन्या पाळकाच्या हाताखाली, पाहुणा म्हणून नव्हे. तिथली कोकणी बोली त्याला नीट कळणार नाही, एसटी चुकली की चालावे लागेल, नागलीची भाकरी रोज खावी लागेल, आणि शहरातून आलेला म्हणून माणसे पहिले काही महिने मोकळी बोलणार नाहीत. हे ज्याला सोसले नाही त्याने विमानात बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी गेलो म्हणजे माणूस बदलत नाही. इथे ज्याला ऐकून घेता येत नाही त्याला तिथेही येत नाही, तिथे फक्त ते उशिरा लक्षात येते.

पण वर्ष झाल्यावर तो म्हणाला की मला बोलावले आहे आणि मी जातो, तर त्याला अडवू नका. पेठ-सुरगाण्याचा प्रश्न एक माणूस इथे अडकवून सुटणारा नाही. तिथल्या वाड्यांतलीच मुले पाळक म्हणून तयार व्हायला हवीत, आणि हेच काम तो तिकडे शिकेल. आमचे यजमान केनियाहून परतल्यावर पहिल्यांदा पेठ तालुक्यात जे वर्ग घेऊ लागले, त्यांची सगळी रीत गिर्यामा सुवार्तिकांकडून घेतलेली होती. थोडे दिवस वर्ग, मग गावात काम, आणि अडले ते घेऊन परत. शेतीच्या दिवसांत सुट्टी.

आमचा तरुण संघ तिकडच्या एका पाळकाचा पगार दरमहा उचलायला तयार आहे. कसे करावे?
— देवळाली कॅम्प

पगार उचलू नका. तुमची इच्छा चांगली आहे आणि मी ती मोडायला बघत नाही, पण पगार देणारा कोण आहे हे पाळकाला रोज कळत असते. तुमच्या संघातली मुले नोकरीसाठी पांगली आणि पैसे थांबले, तर तो पाळक आणि त्याची मंडळी दोघेही एकमेकांना अनोळखी होऊन बसतील. चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवले होते की मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी. सांगणे झाले, पण पुढच्या पिढीने पाळले नाही. त्याच सोसायटीतले सॅम्युएल अजायी क्राउथर हे गुलामीतून सुटून आलेले आफ्रिकी गृहस्थ 1864 मध्ये नायजेरियात बिशप झाले. उतारवयात तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांची माणसे कामावरून दूर केली आणि 1891 च्या अखेरीस ते वारले. त्यांच्या जागी बिशप नेमला तो युरोपीय. ज्यांना शिकवले त्यांच्यावर विसंबायची वेळ आली तेव्हा हात मागे घेतला गेला. हे वाचून मला आजही राग येतो.

तिकडच्या मंडळीला गरीब समजू नका. उपासना संपली की चर्चच्या दारात लिलाव होतो. कोणी कोंबडी आणलेली असते, कोणी अंडी, कोणी नारळ, कोणी मक्याची पिशवी. आपल्याकडे सुगीच्या उपासनेनंतर होतो तसाच. एक अंडे चार वेळा विकले जाते, कारण घेणारा ते परत दान करतो. पाळकाचा पगार त्यातून निघतो, उशिरा निघतो, पण निघतो. तुम्हाला द्यायचेच असेल तर एकदाच लागणाऱ्या गोष्टी द्या. स्वाहिली पवित्र शास्त्रे, सायकल, वर्गासाठी येण्याजाण्याचे भाडे. आणि दोन वर्षांतून एकदा तिकडच्या एका पाळकाला नाशिकला बोलवा, देवळालीच्या मंडळीत उपदेश करू द्या. ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

यजमान शिकवायला जाणार. मी बी.एड. आहे, लग्नाला वर्ष झाले. तिथे मी काय करणार? नुसती पाळकीणबाई होऊन बसायचे का?
— जेल रोड, नाशिक रोड

पोरी, नुसती बसून राहायला तुला कोणी देणारच नाही. तिकडची मंडळी बाया चालवतात. मदर्स युनियन या मंडळीतल्या बायांच्या संघाच्या बैठकीत तासाभरात जे कळते ते पुरुषांच्या वर्गात महिनाभर कळत नाही. कोणाच्या घरी पीठ संपले, कोणाला नवरा मारतो, कोणाची पोर शाळेतून काढली, सगळे. मी सुवार्तिकांच्या बायकांना वर्गाच्या शेवटच्या दोन दिवशी बोलवायला लागले. मलेरियाची मच्छरदाणी, पोरांचे वजन, लिहिणे-वाचणे, आणि त्यांच्या चामाचा हिशेब. चामा म्हणजे आपली भिशीच, पण तिच्यावर घरे उभी राहिली आहेत. नवरा दुसऱ्या गावी गेला की उपासना पुष्कळदा याच बाया चालवतात, तेव्हा त्यांनाही शास्त्रपाठ नीट वाचता आला पाहिजे, उपदेशाचा विषय बांधता आला पाहिजे. हे काम तू घे. तुझे बी.एड. तिथे पुरेपूर लागेल.

भाषा तू यजमानांपेक्षा लवकर शिकशील, कारण बाजाराला तू जाशील. चपाती तिकडे घरोघरी होते, नारळाच्या दुधातल्या घेवड्याबरोबर खातात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती हाताने वळून खायची. सवय लागते.

एकटेपणाबद्दल तू विचारले नाहीस, पण तेच विचारायचे होते असे तुझ्या पत्रावरून वाटले. आम्ही तिकडे असताना माझी आई इथे नाशिकला गेली. मोंबासाहून नैरोबी, नैरोबीहून मुंबई, तिकीट मिळून पोचेपर्यंत माती होऊन गेली असती, म्हणून मी गेले नाही. संध्याकाळी अंगणात बाया यायला लागल्या. त्यांनी चटया टाकल्या, चूल पेटवली आणि मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही. काही जणी तीन रात्री राहिल्या. माझ्या आईला त्यांनी पाहिलेले नव्हते, तिचे नावसुद्धा त्यांना नीट म्हणता येत नव्हते. यजमानांना प्रार्थना सुचेना. तेव्हा वर्गातला सगळ्यात लाजाळू मुलगा, जो उपदेशाच्या सरावाला घामाघूम व्हायचा, तो उठला. त्याच्या हातात पुस्तक नव्हते. मी त्याला सांगितले होते की पहिल्या रात्री फार बोलू नये, मेलेल्याचे नाव घ्यावे, घरच्यांचे नाव घ्यावे आणि एक स्तोत्र म्हणावे. त्याने तेवढेच केले. तेविसावे स्तोत्र गिर्यामात म्हटले. आईचे नाव त्याने दोनदा घेतले, दुसऱ्यांदा बरोबर घेतले.

लस, परवाना वगैरे काय लागते?
— वरच्याच तरुणाचे दुसरे पत्र

पर्यटक म्हणून जाऊन शिकवू नकोस, ते बेकायदा आहे. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी केनियात ‘आय’ वर्गाचा परवाना असतो. तो बोलावणाऱ्या संस्थेने काढायचा, आणि हातात आल्याशिवाय तिकीट काढायचे नाही. पीतज्वराची लस मान्यताप्राप्त सरकारी केंद्रातच घे, निदान दहा दिवस आधी. पिवळा दाखला पासपोर्टाबरोबर ठेव, कारण परत येताना मुंबईला तो मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवतात. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्यांचे डॉक्टरांना विचार. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. आईला रोज फोन करणार असशील तर तिच्या रात्री नऊला तुझे साडेसहा झालेले असतील, तेव्हा वर्ग सहापर्यंत संपव. आणि मोंबासाला पोचलास की पहिल्या मोकळ्या दिवशी रबईला जा. क्राफच्या जागी आता लहानसे संग्रहालय आहे. मी शरणपूरचा, असे तिथे सांग आणि ते काय विचारतात ते मला लिहून कळव.